अप्पा, अमेरिका आणि फुटबॉलचे बघे

बसलिंगअप्पा फुटबॉलचा सामना मैदानाकडे पाठ करून बघत.

मी हे रंगवून सांगत नाही. लातुरातल्या त्या काळच्या कुणालाही विचारा. मैदानाच्या कडेला लिंबाखाली वीस-पंचवीस माणसं बसलेली असायची, त्यांची तोंडं मैदानाकडे. आणि त्यांच्यासमोर एक उंच, सडपातळ गृहस्थ. पांढरं धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हात पाठीमागे बांधलेले. मागे मैदानावर कुणी पळतंय, कुणी पडतंय, त्याचं त्यांना काही नाही. ते एकटक या माणसांच्या तोंडांकडे बघत. एखाद्याचं तोंड जरासं उघडलं की मान हलवून म्हणत, "आला. डाव्या बाजूनं आला." आणि खरोखर डाव्या बाजूने कुणीतरी चेंडू घेऊन येत असे.

एकदा चेंडू सणसणत येऊन त्यांच्या पाठीत बसला. टोपी उडाली. अप्पांनी टोपी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली आणि मागे वळूनही न बघता विचारलं, "जोर हाय पायात. कुनाचा व्हता?"

मी त्यांना पहिल्यांदा विचारलं, "अप्पा, तुम्ही तिकडं का बघत नाही?"

"तिकडं काय बघायचं? चेंडू गोल हाय, हे मला ठावं हाय," अप्पा म्हणाले. "लोहेकर, खेळायला बावीस मानसं कुठंबी मिळतेत. बघनारे घडवावे लागतेत."

माझं आडनाव लोहेकर नाही. मी नांदेडकडचा, लोह्याचा, एवढ्यावरून अप्पांनी ते मला दिलं आणि मी लातूर सोडेपर्यंत ते चाललं. माझं टपालसुद्धा त्या नावाने येऊ लागलं होतं.

लातूर तेव्हा नुकतंच उस्मानाबादेतून वेगळं निघून स्वतःचा जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याला नवी खाती, नवी खाती म्हणून नवे कारकून, आणि त्या कारकुनांत मी. कचेरी भाड्याच्या इमारतीत, टेबलं आली होती पण खुर्च्या वाटेत होत्या. मी अप्पांच्या घरामागच्या गल्लीत खोली घेतली. पहिल्याच दिवशी अप्पा आपण होऊन भेटायला आले. मला वाटलं, कुठला गाव, कुठले पाहुणे असं काही विचारतील. त्यांनी विचारलं, "नव्या जिल्ह्यात फुटबॉलचं खातं कुनाकडं हाय?"

मी म्हटलं, "असं खातं नसतं."

अप्पा खरोखर गोंधळले. "मग जिल्हा कशाला केला?"

त्यांचं म्हणणं साधं होतं. आजवर लातूर दुसऱ्याच्या जिल्ह्यात होतं, तोवर ठीक. आता स्वतःचा जिल्हा झाला म्हणजे स्वतःची फुटबॉलची टीम पाहिजे, आणि टीमपेक्षा जास्त, तिला बघणारं गाव पाहिजे. त्यांनी तसा रीतसर अर्जही केला. मी कोणत्या खात्यात होतो ते सांगत नाही, कारण पुढचा घोटाळा आमच्याच टेबलांवर झाला. अप्पांचं शिक्षण निजामाच्या राज्यात, उर्दूतून झालेलं. बघणाऱ्याला उर्दूत तमाशबीन म्हणतात, म्हणून अप्पांनी अर्जात सांगून लिहवलं होतं : 'लातुरात तमाशबीन वाढवण्याकामी सरकारने जागा व सावली द्यावी.' आवक कारकुनाने 'तमाश' एवढंच वाचलं आणि अर्ज करमणुकीच्या टेबलावर ढकलला. महिन्याने अप्पांना उत्तर आलं : 'आपल्या फडात स्त्री कलावंत किती, व खेळ कोणकोणत्या गावी लावणार, ते कळवावे.'

हे पत्र अप्पा दुकानात असताना घरी आलं. अप्पांच्या मंडळींनी, म्हणजे अक्कांनी, मला बोलावून ते वाचून घेतलं. अक्का गोऱ्या, ठेंगण्या, आणि फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग पदर खोचला आणि म्हणाल्या, "येऊ द्या त्यांना घरी."

त्या दिवशी मी माझ्या खोलीत दार लावून बसलो. संध्याकाळी अप्पा आले आणि म्हणाले, "लोहेकर, मराठीत तमाशबीनला काय म्हनतेत?" मी म्हटलं, "प्रेक्षक." अप्पांनी तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवला. "गळपटलेला शब्द हाय वो. ह्याच्यात काय दम न्हाई." आणि ते तमाशबीनच म्हणत राहिले. फक्त अक्कांसमोर 'बघे' म्हणत.

अप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. पितळ, तांबं, ॲल्युमिनियम, स्टील. दुकान चांगलं चालायचं, पण ते अप्पांमुळे नव्हे, अप्पा असूनही चालायचं. कारण दुकानात फुटबॉलची चर्चा निघाली की अप्पा गादीवर भांडी मांडायला घेत. तांब्या गोलकीपर. चार वाट्या मागची फळी. पेले मध्ये. पुढे चार चमचे. "ह्या पेल्यानं ह्या चमच्याला दिला, ह्या चमच्यानं वाटीला चकवलं..." असं चाललेलं असताना एकदा औश्याकडची एक बाई आली, तिने गादीवरची एक वाटी उचलली, उलटीपालटी केली आणि विचारलं, "केवढ्याला ही?"

"ती ठेवा खाली," अप्पा कळवळून म्हणाले. "लेफ्ट बॅक हाय ती."

बाईने वाटी ठेवली आणि समोरच्या दुकानात गेली. समोरच्या दुकानाची भरभराट अशी बसल्या जागी झाली.

ही सगळी लागण हैदराबादची. अप्पांना त्यांच्या वडिलांनी शिकायला हैदराबादला ठेवलं होतं. तिथे फुटबॉलचं वेड. अप्पा स्वतः कधी खेळले नाहीत, पाय बारीक. पण सामने बघायला जात. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्ही त्या काळचे मोठमोठे खेळाडू बघितले असतील. अप्पांना एकाचंही नाव आठवेना.

"एक मानूस आठवतोय," ते म्हणाले. "म्हातारा व्हता. लुंगी, बनियन, दाढी. माज्या शेजारी भिंतीवर बसला व्हता. दीड तास एक अक्षर बोलला न्हाई. अन् शेवटाला गोल झाला तसा तेनं मला मिठी मारली. वळख न्हाई, पाळख न्हाई. असा घट्ट धरला, लोहेकर, की तेचं काळीज कसं उडायलंय ते मला लागत व्हतं. मग सोडलं, बिडी पेटवली अन् गेला निघून." अप्पांनी टोपी सारखी केली. "मला माज्या बापानं बी कधी असं धरलं न्हवतं. तवा मला कळलं, हा खेळ त्या मैदानावर न्हाईच. हितं हाय, भिंतीवर."

त्या दिवसापासून त्यांनी मैदानाकडे बघणं सोडलं असावं.

उर्दूतून शिकल्यामुळे अप्पांची मराठी बोलायला खणखणीत, पण वाचायला अडखळत, आणि लिहायला तर नाहीच. म्हणून माझ्यावर एक काम आलं. अप्पांना अमेरिकेहून पत्रं येत. ती मी वाचायची आणि अप्पा सांगतील तशी उत्तरं लिहायची.

पत्रं त्यांच्या मुलाची, मन्मथची. एकुलता एक. इंजिनियर होऊन तिकडे गेलेला. पहिलं पत्र मी उघडलं तेव्हा घसा साफ करून घेतला, म्हटलं आता घरच्या आठवणी येतील, आपल्याला वाचताना गहिवरून येऊ नये. पत्राची सुरुवात अशी : 'अप्पांस सा. न. तुमचं म्हणणं मला मान्य नाही. अमेरिकेत फुटबॉल चालणार नाही.'

आणि पुढे चार पानं हेच. इथे आधीच एक फुटबॉल आहे. तो ते हातानं खेळतात.

"हातानं?" अप्पा ताडकन उठून बसले. "हातानं खेळून फुटबॉल म्हनतेत? मग कुस्तीला काय पत्ते म्हनतेत का? लिहा. हे लिहा आधी."

मी लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आता मुद्दा टीव्हीचा. इथे खेळ मधूनमधून थांबावा लागतो, म्हणजे जाहिराती दाखवता येतात. आपला फुटबॉल थांबतच नाही, म्हणून टीव्हीवाल्यांना तो नको.

"म्हंजे साबन विकायसाठी खेळ थांबवायचा," अप्पा म्हणाले. "अन् मला लोक येडा म्हनतेत."

पुढच्या पत्रात मन्मथने लिहिलं, इथल्या लोकांना बरोबरी चालत नाही. कुणीतरी जिंकलंच पाहिजे. म्हणून इथे आपल्या फुटबॉलची जी एक लीग आहे, तिच्यात बरोबरी झाली की एकेकाला लांबून चेंडू घेऊन गोलकीपरवर सोडतात, निकाल लागेपर्यंत. अप्पांनी विचारलं, "मग तिथं नवरा-बायकूचं भांडन झालं की काय करतेत?" आतून भाकरी थापण्याचा आवाज क्षणभर थांबला. अप्पा हळूच म्हणाले, "हे नगा लिहू."

मन्मथचा मोठा मुद्दा गोलांचा होता. दीड तास बसायचं आणि एक-शून्य. अमेरिकन माणूस म्हणणार, एवढ्या वेळात झालं काय? यावर अप्पा दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी मला कचेरीत भेटायला आले आणि उभ्यानेच सांगितलं. ते दुष्काळाचं लागोपाठ दुसरं वर्ष होतं. गावातल्या विहिरी तळाला लागलेल्या, टँकरशिवाय पाणी नाही.

"लिहा. तुमच्या तिथं नळ उघडला की पानी येतंय, म्हनून तुमाला गोलाची घाई. आमी चार महिने मान वर करून आभाळ बघतो. ढग येतेत, जातेत. काय होत न्हाई. तरी आमी बघतो. अन् एकदाच येतो तो, तवा मानूस कसा नाचतो, ते तू बघितलेलं हायस. एक-शून्य म्हंजे काय, हे मराठवाड्याला कळतं. अमेरिकेला बी कळंल, जरा तहान लागू दे."

मी लिहिता लिहिता थांबलो. बाजूच्या टेबलावरचा आमचा हेडक्लार्कही थांबला. अप्पा म्हणाले, "काय चुकलं का?"

दुसरा एक मुद्दा मन्मथने मांडला तो अप्पांनी मान्य केला. तिकडच्या लीगने बाहेरच्या देशांतले, वय झालेले, नावाजलेले खेळाडू आणले होते. त्यांना बघायला सुरुवातीला स्टेडियम भरायचं, मग गर्दी ओसरू लागली. अप्पा म्हणाले, "बराबर हाय. भाड्यानं पैलवान आनून जत्रा भरते, तालीम न्हाई भरत. पन तूच लिहितोस की तिथं लेकरं शाळंत खेळायलेत. मग ती लेकरं बाप होईस्तवर थांब की. तुला कामून एवढी घाई?"

असं हे वर्षभर चाललं. मला मजा येत होती, पण एक गोष्ट खटकायची. या पत्रांत दुसरं काहीच नसे. तब्येत कशी आहे, नाही. कधी येणार, नाही. इकडे काय चाललंय, नाही. एकदा अप्पा दुकानात असताना मी अक्कांना विचारलं.

अक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तिकडं लगीन केलं तेनं. तिकडच्याच मुलीसंगं. इचारलं न्हाई, फोटूच आला. ह्येनी फोटू बघितला, ठेवला, अन् बोलले न्हाईत. दोन वर्सं. पत्र मला यायचं. शेजारची सुमन वाचायची, हे तिथं भिंतीकडं तोंड करून बसायचे. मग एकदा तेनं खाली एक वळ लिहिली, अप्पाला सांग, म्या हितं फुटबॉलची म्याच बघायला गेलतो, लई गर्दी व्हती. हे भिंतीकडूनच म्हनले, गर्दी किती व्हती इचार." अक्कांनी सूप आपटलं. "तवापासून हे सुरू हाय."

त्या उन्हाळ्यात अप्पांनी उदगीरशी सामना ठरवला. एरवी गावातली पोरं आपसातच खेळत; दोन गावांमधला हा नव्या जिल्ह्यातला पहिला फुटबॉल सामना, असं ते म्हणत, आणि खोडून काढायला कुणी नव्हतं. लातूरच्या टीमची जमवाजमव खाजाभाईंनी केली. खाजाभाई शिवणकाम करत, फाटका चेंडूही शिवत, आणि अप्पांचे हैदराबादपासूनचे दोस्त होते. पंचही तेच. गोलाला वेळूचे खांब, रेषा चुलीतल्या राखेच्या. प्रश्न एकच, बघे कुठून आणायचे? उन्हाने डोकी तापलेली, पाण्याची मारामार. फुटबॉल बघायला कोण येणार?

अप्पांनी जे केलं ते आठवलं की आजही मला त्यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात. पाण्याचा टँकर रोज दुपारनंतर मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली येत असे. चारला येईल म्हणायचे, सहापर्यंत यायचा. दोन तास शंभरएक बाया तिथे घागरी लावून बसलेल्या. अप्पांनी सामना चारला ठेवला.

"कैदेत ठेवल्यासारखे तमाशबीन हायत, लोहेकर," ते मला कुजबुजून म्हणाले. "उठून जातील कुठं?"

चार वाजता खाजाभाईंनी शिट्टी मारली. बाया पालथ्या घागरींवर बसलेल्या. त्यांच्यासमोर, मैदानाकडे पाठ करून, अप्पा. पुढच्याच रांगेत गिरजाबाई होती. बाजारात भाजी विकायची, आवाज दणदणीत. तिने थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "अप्पा, ह्ये मानसं हात कामून लावनात चेंडूला?"

"हात लावला की गुन्हा हाय."

"मग हात कशाला दिलेत देवानं?"

"टाळ्या वाजवायला," अप्पा म्हणाले.

बाया हसल्या. पण हळूहळू बघूही लागल्या. मी अप्पांच्या बाजूला उभा राहून पहिल्यांदाच त्यांच्यासारखा त्या तोंडांकडे बघत होतो. आधी कंटाळा. मग एकीने दुसरीला कोपर मारलं. मग कुणीतरी 'अगं बया' म्हटलं. मग सगळ्यांच्या माना एकदम उजवीकडे, एकदम डावीकडे. गिरजाबाईला उदगीरचा एक लालसर केसांचा गडी अजिबात आवडेना. त्याच्या पायात चेंडू गेला की ती उठून उभी राहायची. अप्पांचा चेहरा देवळात असावा तसा झाला होता.

सामना संपायला पाच-सात मिनिटं उरली होती, गोल शून्य-शून्य, आणि टँकर आला.

त्यानंतर काय झालं ते एका क्षणात झालं. शंभर बाया उठल्या. घागरींचा खणखणाट. त्यांच्यामागे खेळाडूही धावले, कारण सकाळपासून त्यांनाही घोटभर पाणी नव्हतं. खाजाभाईंनी दोनदा शिट्टी मारली, मग शिट्टी खिशात टाकली आणि तेही गेले. मैदानाच्या मधोमध चेंडू एकटा पडून राहिला. आणि रिकाम्या जागेकडे तोंड करून अप्पा.

मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "जाऊ द्या, अप्पा."

"जाऊ द्या काय?" अप्पा म्हणाले. "पानी आलं तरी उठले न्हाईत, तर ते तमाशबीन न्हाईत, येडे हायत. चला." आणि धोतर वर खोचून ते टँकरकडे गेले. रांग लावली, भांडणं सोडवली, म्हाताऱ्यांच्या घागरी उचलून दिल्या. अर्धा तास गेला. टँकर रिकामा होऊन निघून गेला. बाया घराकडे वळू लागल्या. खेळाडू तोंडं पुसत बसले होते.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अप्पा, ऱ्हायलेलं खेळनार हाव का न्हाई? का निघू म्या?"

गिरजाबाई. डोक्यावर भरलेली घागर, कमरेवर दुसरी. तिच्यामागे आणखी पंधरा-वीस जणी थांबल्या होत्या. भरलेल्या घागरी, तशाच उभ्या.

खाजाभाईंनी खिशातून शिट्टी काढली.

उरलेली पाच मिनिटं मी कधी विसरणार नाही. बाया उभ्या, माना हलवायची सोय नाही, फक्त डोळे इकडून तिकडे. लातूरच्या गड्याने मधून चेंडू काढला, दोघांना चकवलं, आणि वेळूच्या खांबाला घासून चेंडू आत गेला. गिरजाबाईने आनंदाच्या भरात दोन्ही हात वर केले. कमरेवरची घागर खाली पडून आडवी झाली आणि डोक्यावरची कलली. तिच्या तोंडावरून, लुगड्यावरून पाणी ओघळलं. त्या दुष्काळात, दोन तास बसून मिळवलेलं पाणी. सगळ्या बायांचे डोळे त्या पाण्याकडे वळले. गिरजाबाई क्षणभर त्या ओल्या मातीकडे बघत राहिली. मग तिनेच हसायला सुरुवात केली.

अप्पांनी माझा दंड धरला होता. इतका घट्ट, की दुसऱ्या दिवशी तिथे बोटं उमटलेली होती. "पानी सांडलं, लोहेकर," ते म्हणत होते. "फुटबॉलपायी पानी सांडलं."

दिवस मावळायच्या आत अप्पांनी स्वतःच्या घरातल्या रांजणातून दोन घागरी भरल्या आणि हाताने गिरजाबाईच्या दारात नेऊन ठेवल्या. अक्कांनी एका शब्दाने अडवलं नाही.

मन्मथला आम्ही नऊ पानं लिहिली. शेवटची ओळ : 'लातुरात चालला. आता अमेरिकेचं काय घेऊन बसलास?'

उत्तर यायला या वेळी बराच उशीर लागला. आलं ते एका पानाचं होतं. मन्मथने लिहिलं होतं : 'तुमच्या सामन्याचं वाचून खूप हसलो. पण इथली ती लीग बंद पडली. टीम मोडल्या, खेळाडू आपापल्या देशी गेले. तेव्हा वाद संपला, अप्पा. मी म्हणत होतो तसंच झालं.'

अप्पांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. मी पेन काढून बसलो होतो. अप्पा म्हणाले, "आज नगं."

आठवडा गेला, दोन गेले. अप्पा दुकानात जात होते, येत होते. गादीवर भांडी मांडलेली दिसेनात. गिऱ्हाइकाला हवी ती वाटी मुकाट्याने देत होते. मला वाटलं, माणूस हरल्यामुळे खट्टू झाला. एका रविवारी सकाळी मी गेलो आणि समजूत घालायला लागलो. म्हटलं, "अप्पा, एक लीग बुडाली म्हणून काय झालं? तुमचा मुद्दा खोटा ठरत नाही. लेकरं खेळतायत ना तिथं? वीस वर्षांनी बघा."

"ते चालंल वो," अप्पा म्हणाले. "आज ना उद्या चालंलच तिथं फुटबॉल. तेची मला काळजी न्हाई."

"मग?"

ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. "वाद संपला म्हनतोय तो. आता मी काय लिहू?"

मी मग म्हटलं, "सरळ लिहा की, ये म्हणावं. दोघंही या. आठवण येते म्हणावं."

अप्पांनी मान हलवली. "तसं लिहिलं की तो घाबरतो. एकदा लिहून बघितलं मी, तुमच्या आधी. हितं कुनाला कळू नये म्हनून हैदराबादला जाऊन, खाजाभाईच्या पुतन्याकडून. सहा महिने उत्तर न्हाई. काय लिहावं ते तेला कळलं नसंल. मला बी कळलं नसतं. आमच्या घरात असलं बोलायची रीत न्हाई." ते खिडकीबाहेर बघत होते. "गोलाचं विचारलं की तीन आठवड्यात येतंय."

अक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग दुसरं कायतरी विचारा. तिथं एकच खेळ हाय का?"

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पेन काढलं. त्या दिवशीचं पत्र चार ओळींचं होतं : 'वाद मी हरलो. आता तुमच्या तिथं लोक कशाची गर्दी करतेत, अन् तू सोता कोनचा खेळ बघतोस, ते नीट समजावून लिही.'

सतराव्या दिवशी जाड पाकीट आलं. अकरा पानं. दांडूने चेंडू मारायचा आणि चौकोनात पळून परत सुरुवातीच्या जागी, म्हणजे त्यांच्या भाषेत 'घरी' यायचं, असला तो खेळ. मन्मथने आकृत्या काढल्या होत्या, बाण दाखवले होते. अप्पा कान देऊन ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. "लई वंगाळ खेळ हाय," ते मधेच म्हणाले. "उभंच ऱ्हायचं? सगळ्यानी? बरं, वाचा."

सातव्या पानावर मी अडखळलो. मग वाचलं : 'हे नियम मलाही आधी कळत नव्हते. मार्थाने शिकवले. तिचे वडील तिला लहानपणी बघायला न्यायचे. तुमचं पत्र मी तिला भाषांतर करून सांगितलं, तेव्हा तीच म्हणाली की आकृत्या काढून पाठव. या आकृत्या तिच्या आहेत.'

अप्पांनी हात पुढे केला. मी पान दिलं. त्यांनी चष्मा लावला आणि त्या चौकोनावर, बाणांवरून सावकाश बोट फिरवलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पुन्हा घरच्या जागेपर्यंत.

"मार्था म्हंजे..." ते म्हणाले.

"तीच," अक्का म्हणाल्या.

अप्पांनी पान घडी न करता गादीवर ठेवलं. "लोहेकर, कागद घ्या. लिहा. आकृती चांगली काढलीय. पन एक कळंना. चेंडू मारल्यावर तो दांडू टाकून कामून पळतोय? हातात घिऊन पळला तर काय होतंय? हे तू सांगू नगंस. तुला अर्धवट ठावं असंल. सुनबाईला विचार."

माझं पेन थांबलं.

"काय झालं?" अप्पा खेकसले. "लिहा की. सुनबाई. उकार ऱ्हस्व का दीर्घ, ते तुमचं तुमी बघा."